पित्ताचा खरा आरोपी
छातीत जळजळ झाली की आपल्याकडे पहिला संशय मिसळीवर. मीही तिलाच दोषी धरून बसलो होतो. मग महिनाभर किराण्याच्या वहीत मागच्या पानांवर चार रकाने आखले: काय खाल्लं, किती, किती वाजता, जळजळ कधी. मिसळ निर्दोष सुटली! सापडली ती दोन्ही एकादशांची साबुदाणा खिचडी: तूप आणि दाण्याच्या कुटात न्हालेली, रात्री साडेनऊला दोन वाट्या, आणि लगेच आडवं होणं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली स्नायूंची झडप सैल पडली की आम्ल वर चढतं. तळकट, चॉकलेट, पुदिना तिला सैल करू शकतात. तुडुंब पोट खालून रेटा देतं. पण ज्याचा त्याचा वैरी वेगळा. शेजारच्या काकांना टोमॅटोचं सार बाधतं, मला नाही. म्हणून सगळंच एकदम सोडू नका; एकेक पदार्थ पंधरा दिवस बंद ठेवा, मग पुन्हा खाऊन पाहा. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. घास अडकत असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तर मात्र वही मिटा आणि डॉक्टर गाठा.