इनबॉक्सलाही मानस हवी

हैदराबादेतल्या नल्लकुंटा या भागाच्या नावाचा तेलुगूत अर्थ होतो काळं तळं. आज तिथे दिसतं ते फीव्हर हॉस्पिटल, शंकरमठ, दाटीवाटीची घरं आणि हुसेनसागराच्या सांडव्याचा नाला. सोळाव्या शतकातला हा तलाव भरला, की वरचं पाणी त्या नाल्याने मुसी नदीकडे जातं. नाल्याची वाट अडली, की तेच पाणी आजूबाजूच्या वस्त्यांत शिरतं.

ई-मेलबद्दल लिहिताना मला हा नाला आठवतो, याला कारण माझे नल्लकुंट्यातले मामा. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, मराठी अजून खणखणीत. त्यांच्या इनबॉक्समध्ये न वाचलेल्या मेल्सचा आकडा अठ्ठावीस हजारांवर गेला होता. पेटी तुडुंब, नवीन काही आत येईना. मुलाने टोरांटोहून पाठवलेली मेल परत गेली, तेव्हा तो बिचारा घाबरून रात्री फोन करत बसला. शेजारच्या पोराचा सल्ला सरळ होता: "अंकल, सगळं डिलीट करा." मामा ऐकेनात. कारण त्याच ढिगाऱ्यात कुठेतरी फोंड्याच्या थोरल्या भावाने नातवाकडून टंकून घेतलेली पत्रं होती. भाऊ २०१२ साली गेले.

मला मामांचं म्हणणं पटतं. "रिकामा इनबॉक्स म्हणजे शिस्तीचा माणूस" हे खूळ अमेरिकेतून आलं. 'इनबॉक्स झिरो' हा शब्द रूढ करणाऱ्या मर्लिन मान यांच्या मनातलं शून्य मेल्सच्या संख्येचं नव्हतंच. डोकं त्या पेटीत किती अडकून राहतं, याचं होतं. ते बाजूला पडलं आणि लोक आकडे मोजत बसले.

दुसरं टोक जीमेलने शिकवलं. १ एप्रिल २००४ रोजी ती सेवा आली तेव्हा हॉटमेल अवघे दोन एमबी देत होतं. जीमेलने एक जीबी दिला. काही पुसायची गरजच नाही, शोधा म्हणजे सापडेल, असा तो मंत्र. आपण साठवत गेलो. आता फुकटचे पंधरा जीबी आहेत खरे, पण १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. नातवंडांचे व्हिडिओ आणि विम्याच्या पावत्या एकाच कोठारात!

आमच्या खाजनात पूर्वजांनी यावर उपाय करून ठेवला आहे. मानशीची दारं भरतीच्या जोराने आपोआप मिटतात, खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की उघडतात आणि शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं. रोज सकाळी बादली घेऊन खाजन उपसायला कोणी जात नाही. इनबॉक्सचंही तसंच. रोज शंभर मेल्स पुसणं म्हणजे बादलीने उपसणं. दुकानांच्या जाहिराती 'अनसबस्क्राइब' करून टाकाव्या (अनोळखी मेलमधला तो दुवा मात्र दाबू नये, थेट स्पॅममध्ये ढकलावी). बँकेची मासिक विवरणं फिल्टर लावून परस्पर वेगळ्या कप्प्यात जाऊ द्यावी.

पण त्याआधी माणसं बाहेर काढावी. मामांकडे आम्ही तेच केलं. भावाचं नाव शोधात घातलं, सापडलेल्या सगळ्या पत्रांना एक लेबल लावलं, छापील प्रतीही काढल्या. मग मुलाचं नाव, मग जुन्या विद्यार्थ्यांची. ते झाल्यावर पाठवणाऱ्याच्या नावाने जाहिराती निवडल्या आणि एकेका दुकानाच्या हजार-हजार मेल्स उडवल्या. कचरापेटीही लगेच रिकामी केली, कारण ती भरलेली असेपर्यंत जागा सुटत नाही. सगळं काम एका दुपारचं. मामांचा हात पुसताना एकदाही थरथरला नाही.

राहता राहिले आपण. चवथ आली की गणपतीचं तीन एमबीचं तेच चित्र ऐंशी जणांना एकदम धाडणारे, आणि त्यावर 'धन्यवाद' असं ऐंशीही जणांना उलट कळवणारे. हे पाणी कुठल्याही दुकानातून येत नाही. त्याला फिल्टर लावायचा, तर नेमकं काकांचं नाव घालावं लागतं.