सगळं ट्रॅफिक बघायचंय? कशाला?

"पूर्ण नेटवर्कचं ट्रॅफिक एका जागी बसून दिसलं पाहिजे." ही मागणी बहुतेक ऑफिसांत कधी ना कधी होतेच. मागणारे असतात साहेब, आणि 'हो सर' म्हणून लगेच वायरशार्क उघडून बसणारा असतो आपल्यातलाच कुणीतरी! माझं म्हणणं स्पष्ट आहे: ही मागणी भाबडी आहे आणि मुळात प्रश्नच चुकलाय.

हबच्या जमान्यात हे सोपं होतं. एका पोर्टवर आलेली फ्रेम हब सगळ्यांना वाटायचा. कुठेही कान लावा, सगळं ऐकू यायचं. स्विच कुठला मॅक अ‍ॅड्रेस कुठल्या पोर्टवर आहे ते शिकतो आणि फ्रेम तिथेच देतो. मग प्रॉमिस्क्युअस मोड लावून तुम्हाला दिसणार काय? तुमचं स्वतःचं ट्रॅफिक, ब्रॉडकास्ट आणि थोडंफार इकडचं तिकडचं. बस्स.

"मग पोर्ट मिररिंग करू!" करा की, पण आधी हिशेब मांडा. २४ पोर्ट, प्रत्येकी १ गिगाबिट, दोन्ही दिशा धरून ४८ गिगाबिट. मिरर पोर्टमधून बाहेर पडणार १. सगळे पोर्ट एकदम भरून वाहत नाहीत, मान्य. पण तक्रारी येतात त्या नेमक्या गर्दीच्या वेळी, आणि तेव्हाच स्विच मिररच्या फ्रेम्स गुपचूप टाकून देतो. पॅकेट हरवलं कॅप्चरमध्ये, आणि आपण शिव्या घालतो नेटवर्कला! शिवाय एकच गिगाबिट दिवसभर भरून वाहिला तरी साठवायला १०.८ टेराबाइट लागतात. ते कोण वाचणार?

काही अतिहुशार मंडळी एआरपी स्पूफिंग सुचवतात. म्हणजे अख्ख्या ऑफिसचं ट्रॅफिक आपल्या लॅपटॉपमधून वळवायचं. लॅपटॉप हँग झाला की ऑफिस बंद. अहो, हा हल्ला आहे! चांगल्या स्विचमध्ये तो रोखायला डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन असतं.

एवढं करून हाती काय? आज वेबचं बहुतेक ट्रॅफिक टीएलएसमध्ये बंद असतं. कोण कुणाशी, कधी आणि किती बोललं एवढंच कळतं. पण ते तर नेटफ्लो किंवा एसफ्लो स्वस्तात सांगतात. एसफ्लोचा आरएफसी २००१ चा आहे, नवलाई नाही. एसएनएमपीने पोर्टचे काउंटर बघा, फ्लोवरून संशयित लिंक शोधा, आणि फक्त तिथे अर्धा तास कॅप्चर लावा. अडचण सापडते.

"आणि सुरक्षेचं काय?" रास्त प्रश्न. इंटरनेटच्या दारावर टॅप लावा, जरूर लावा. पण काय साठवतो, किती दिवस, कोण बघतो हे लेखी असू द्या आणि लोकांना आधी सांगा.

कारण खरी मेख इथे आहे. 'नेट स्लो का आहे' हा इंजिनिअरचा प्रश्न. 'कोण काय करतंय' हा संशयाचा. दुसरा प्रश्न पहिल्याचे कपडे घालून येतो आणि आपण तो तांत्रिक समजून सोडवायला बसतो. २०१४ मध्ये आयईटीएफने आरएफसी ७२५८ काढून सरसकट पाळत हा हल्लाच मानला. ते इंटरनेटबद्दल होतं, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला वेगळा न्याय का?

असो. साहेबांनी पुढच्या वेळी 'सगळं दाखव' म्हटलं, तर नम्रपणे एवढंच विचारा: "सर, नेमकं शोधायचंय काय?" उत्तर मिळालं तर काम सोपं आहे. नाही मिळालं, तर ते काम आपलं नाही.