थांब्याची जागा आत्ताच मागा

या महिन्यात खासगी बसमालकांकडून कचेरीत आलेली बहुतेक पत्रे ई-चलानबद्दल आहेत. पुण्यातले स्वारगेट, मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. ठिकाणे वेगळी, तक्रार एकच. प्रवासी चढवायला गाडी पाच मिनिटे थांबली की मोबाइलवर दंडाचा संदेश येतो.

मग थांबायचे कुठे? कलम 74 चा परवाना घ्या, प्रवाशांची यादी जवळ ठेवा, यादीबाहेरचा माणूस वाटेत घेऊ नका, हे कायदा सांगतो. एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नका, हे 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयात आहे. यादीतला माणूस कोणत्या जागेवर चढवायचा, एवढेच कुणी सांगत नाही. परवाना देणारे वेगळे, रस्ता सांभाळणारे वेगळे, दंड करणारे वेगळे. एकाकडे गेले की तो दुसऱ्याचे दार दाखवतो. हा छळ आता पुरे झाला.

प्रवाशाचे हाल याहून वाईट आहेत. 29 सप्टेंबर 2024 रोजी मेट्रो स्वारगेटला आली. एसटी, पीएमपी आणि मेट्रो तिथे हाकेच्या अंतरावर आहेत, पण लातूर-सोलापूरहून पहाटे चारला उतरलेल्याला मेट्रोसाठी सहापर्यंत ताटकळावे लागते. खासगी बसचा प्रवासी तर या जोडणीत कुणी मोजलेलाच नाही. शिवाजीनगरचा धडाही ताजा आहे. तिथे ऑगस्ट 2023 मध्ये मेट्रो पोहोचली, तेव्हा एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवलेले होते.

स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रो मार्गावर आता मार्केट यार्डचे स्थानक व्हायचे आहे. रात्री शेतमालाचे ट्रक आणि आपल्या गाड्या तिथल्या त्याच रस्त्यांवर एकमेकांना अडवतात. स्थानकाला लागून लांब पल्ल्याच्या बसचा फलाट, स्वच्छतागृह आणि पहाटेची पीएमपी मिळाली पाहिजे. त्यासाठी थांबा शुल्क भरायला आपण तयार असले पाहिजे. बांधकाम पुढे गेल्यावर अर्ज करून काही उपयोग नाही.

मात्र मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. दिवाळीत दीडपटीची मर्यादा मोडणारे, चौकात दुसऱ्या रांगेत गाडी लावणारे, तिकिटावर स्वारगेट लिहून कात्रजला उतरवणारे आपल्यातच आहेत. त्यांच्यामुळे बैठकीत आपले तोंड बंद होते. त्यांची बाजू हे मासिक घेणार नाही.

प्रत्येक मालकाने आपल्या गाड्यांच्या चढण्या-उतरण्याच्या जागा, वेळा आणि प्रवासीसंख्या लिहून याच महिन्यात कचेरीत पोहोचवावी. या आकड्यांवरच थांब्याच्या मागणीचे निवेदन तयार होईल.