ओव्हन घेताय? आधी त्यात काय भाजणार ते ठरवा

दिवाळी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून झालेला असतो, चिठ्ठी हातात असते आणि खुर्चीतून उठता उठता विचारणा होते, "डॉक्टर, घरी ओव्हन घ्यायचं म्हणतोय. बेकरीचं खाणं बंद होईल. तब्येतीला चांगलंच ना?"

माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. ओव्हन जरूर घ्या, पण तो तब्येतीसाठी घेतोय असं स्वतःला सांगू नका. ओव्हन म्हणजे एक गरम पेटी. तिच्यात पापलेट ठेवलं तर पापलेट भाजून निघतं, केक ठेवला तर केक. पेटी घरातली आहे म्हणून साखरेचा स्वभाव बदलत नाही.

हे सांगण्यामागे एक अनुभव आहे. माझ्याकडे साठीच्या एक काकू येतात. दहा वर्षांपासून मधुमेह, पण शिस्त अशी की एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, कायम सातच्या आसपास. एकदा ती एकदम ८.४ आली. गोळ्या चुकत नव्हत्या, सकाळचं फिरणं चालू होतं, कुठला संसर्गही नव्हता. बऱ्याच चौकशीनंतर कळलं की मुलाने ओव्हन घेऊन दिला होता आणि काकू यूट्यूबवर बघून केक शिकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा केक, मध्ये बिस्किटं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "पण मी मैदा नाही हो घालत! कणीक आणि गूळ. आणि घरचंच आहे."

या "घरचंच आहे"ची मला बेकरीपेक्षा जास्त भीती वाटते. बेकरीतली खारी खाताना मनात थोडी तरी टोचणी असते. घरच्या केकला ती नसते, म्हणून दुसरा तुकडाही जातो.

जरा हिशेब करू. साध्या केकला २५० ग्रॅम पीठ, २०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम लोणी आणि तीन अंडी लागतात असं धरा. त्याचे बारा तुकडे केले तर एका तुकड्यात सुमारे १७ ग्रॅम साखर आणि २१ ग्रॅम पीठ येतं. कर्बोदकं मोजली तर साधारण दोन फुलके, आणि वर साडेबारा ग्रॅम लोणी. एकूण जवळपास अडीचशे कॅलरी. आता मैद्याऐवजी कणीक घातली. फायदा झाला, नाही असं नाही: तुकड्यामागे दीड-दोन ग्रॅम तंतू वाढले. पण पिष्ट जवळजवळ तेवढंच राहिलं. साखरेऐवजी गूळ घातला, तर गुळातही मुख्यतः साखरच असते. लोह वगैरे असतं, पण ते मिळवण्यासाठी गूळ खाणं म्हणजे पाण्यासाठी उसाचा रस पिणं. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही.

रक्तदाबवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियमच. एका सपाट चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि दिवसभराची मर्यादा दोन ग्रॅम आहे. अख्ख्या केकमध्ये अर्धा चमचा सोडा असेल तर वाट्याला थोडंच येतं. पण "छान फुगावं" म्हणून हात सैल सोडू नका.

मग ओव्हनचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि चांगला आहे. आत काय घालायचं हे तुमच्या हातात येतं. आमच्या लहानपणी दिवाळीत नानकटाईचं पीठ मळायचं आणि ते घेऊन गल्लीतल्या बेकरीत भाजायला नंबर लावायचा. ते पीठ बहुतेक घरांत वनस्पती तुपाचं असे. त्यातले ट्रान्स फॅट रक्तवाहिन्यांना किती वाईट, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं! आता आपल्याकडे तेल-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत त्याची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली आहे. तरीही सुट्या बिस्किटांच्या पुडीवर काय लिहिलेलं असतं? काहीच नाही. घरी तुम्ही साजूक तूप किंवा तेल घालता, साखर पाऊण करता, मीठ चिमूटभरच टाकता. हा ताबा खरा आहे. फक्त तो वापरायला हवा.

आता कोणता घ्यायचा ते. लोक मायक्रोवेव्ह आणि ओटीजी यांत गल्लत करतात आणि लगेच "त्याच्या किरणांनी कॅन्सर होतो का?" असं विचारतात. मायक्रोवेव्हच्या लहरी अन्न गरम करतात, ते किरणोत्सारी करत नाहीत. दार नीट बंद होत असेल तर ती भीती सोडा. ओटीजीत तर त्या लहरीही नाहीत, नुसत्या तापणाऱ्या सळ्या आहेत, एक खाली, एक वर. कोकणात धोंडस करताना भांड्याखाली निस्तव आणि झाकणावर निखारे ठेवतात, तीच युक्ती. कन्व्हेक्शन म्हणजे त्यात एक पंखा, जो गरम हवा सगळीकडे खेळवतो. त्यामुळे एक बाजू करपलेली आणि एक कच्ची असं कमी होतं. पंखा चालू असेल तर पाककृतीत दिलेल्या तापमानापेक्षा १५ ते २० अंश कमी ठेवा.

चार माणसांच्या घराला २५ ते ३० लिटरचा पुरतो. मोठा घेतला की मोठा केक होतो आणि मोठा केक संपवावा लागतो, हेही लक्षात असू द्या. वरची आणि खालची सळई वेगवेगळी चालवता येते का, पंखा आहे का आणि वेळ संपल्यावर आपोआप बंद होतो का, एवढं दुकानात विचारा. बाकी दिव्या-बटणांवर पैसे घालवू नका. त्याऐवजी आत ठेवायचा छोटा तापमापक घ्या, कारण स्वस्त ओव्हनची चकती १८० दाखवते तेव्हा आत २०० असू शकतं.

हे २० अंश फक्त चवीचे नाहीत. पीठ आणि बटाटा यांसारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. अन्नात ते असतं हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कॅन्सर झाला; माणसांत जेवणातून तसा धोका स्पष्ट दिसलेला नाही. म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण पदार्थ सोनेरी झाला की बाहेर काढा. काळपट कडा "खमंग लागतात" म्हणून आवडीने खाणारे माझ्या घरातही आहेत. त्या कापून टाका.

प्लगचं मात्र कोणी विचारत नाही. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. घरातला नेहमीचा लहान प्लग सहा अँपिअरचा असतो. म्हणजे गीझरला असतो तसा सोळा अँपिअरचा मोठा प्लग हवा, अर्थिंग तपासलेलं हवं, आणि एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. भिंतीपासून वीतभर जागा सोडा, वर डबे-फडकी ठेवू नका.

आणि मग त्यात भाज्या भाजा. फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची, लाल भोपळा यांना चमचाभर तेल चोळून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. हळद-तिखट लावलेला बांगडा. चिवड्याचे पातळ पोहे १२०-१३० अंशांवर कुरकुरीत होतात, तळायची गरज राहत नाही. शेंगदाणे, मखाणे. भाजलेली चकली मात्र मी खाऊन पाहिली आहे, ती तुमच्या दंतवैद्याच्या फायद्याची आहे. त्यापेक्षा दिवाळीत तळलेली एक खा. काकूंना मी ओव्हन विकायला सांगितला नाही. केक महिन्यातून एकदा, नातवंडं घरी असताना, स्वतःला एक पातळ तुकडा, आणि तोही जेवणातली पोळी कमी करून. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.३ आली. गोळी वाढवावी लागली नाही.

शेवटी भाजण्याबद्दल, कारण या ओव्हनांची काच आणि पत्रा बाहेरूनही चांगलेच तापतात. घरात रांगतं मूल असेल तर ओव्हन ओट्याच्या काठावर नको, वायर लोंबकळती नको, आणि बंद केल्यावरही अर्धा तास मुलाला जवळ येऊ देऊ नका. ट्रे काढताना ओलं फडकं वापरू नका, त्यातून वाफेचा चटका बसतो. हात भाजलाच तर अंगठी-बांगड्या लगेच काढा आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. वीस म्हणजे घड्याळ लावून वीस. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप नको. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ कापड सैल झाका. भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, किंवा रुग्ण लहान मूल वा मधुमेही असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.