अंश कमी, तरी अंग चिकट का?

एसी २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येणार नाही, असा नियम आणण्याचा विचार केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केला. तेव्हापासून चर्चा अंशांभोवती फिरते आहे. मुंबई-कोकणात मात्र खरा त्रास हवेतल्या वाफेचा आहे.

आपले शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. हवा आधीच ओली असेल तर घाम नुसता निथळतो. पाणी आणि क्षार जातात, उष्णता आतच राहते. वृद्ध, हृदयरोगी आणि लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना हे महागात पडते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडणारा कूलर ठाण्यात त्रास वाढवतो, तोही याच कारणाने.

एसी हवा थंड करतो आणि तिच्यातले पाणीही काढतो. नळीतून ठिबकते ते हेच. पण खोलीच्या मानाने एसी मोठा असला तर खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि पाणी काढण्याचे काम अर्धवट राहते. मग आपण १८ अंशांवर जातो आणि बिल वाढते. म्हणून ‘असू दे जरा मोठाच’ हा सल्ला दमट हवेत चुकीचा. साधारण १२० चौरस फुटांच्या खोलीला बहुधा एक टन पुरतो. खोली गच्चीखालची किंवा पश्चिमेच्या उन्हाची असेल तर अधिक लागेल. संथ गतीने सलग चालू शकणारा इन्व्हर्टर एसी आणि ‘ड्राय मोड’ इथे कामी येतात.

स्टार जरूर पाहा, पण लेबलवरची वार्षिक युनिटे १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. रोज आठ तास, दहा महिने एसी लावणाऱ्यांचा वापर २४०० तासांवर, म्हणजे दीडपट जातो. तिथे जास्त स्टारची जादा किंमत लवकर वसूल होते. शिवाय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ अंश आणि सोबत पंखा, हे बहुतेकांना पुरेसे आहे.

एसी तासाला किती पाणी काढतो, हे मात्र लेबल सांगत नाही. अंशांवर मर्यादा घालण्याआधी हा आकडा ग्राहकाला मिळाला, तर किनारपट्टीवरचा माणूस १८ अंशांकडे आपोआपच कमी वळेल.