प्रश्नानंतरचे तीन सेकंद

यंदाचा अंक वर्गातल्या शिकवण्यावर काढायचं ठरलं तेव्हा ‘डिजिटल फळ्यावर लेख हवाच’ असा आग्रह झाला. तो लेख अंकात आहे. आम्हाला स्वतःला मात्र बिनपैशाच्या उपायांचं अप्रूप जास्त.

उदाहरणार्थ, प्रश्न विचारून गप्प राहणं. 1970च्या दशकात अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत, मग दुसऱ्याला उठवत किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलू लागली. आपल्याकडे ‘बाई, मी सांगू?’ करत पुढच्या बाकावरचे तेच चार हात वर जातात आणि बाकीचा वर्ग निर्धास्त असतो.

यावर पाटीसारखा उतारा नाही. पाचवीच्या वर्गाला एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती ते विचारा, सगळ्यांना लिहू द्या आणि पाट्या एकदम वर करायला सांगा. काही पाट्यांवर दोन पंचमांश हमखास दिसेल: वरचे वर मिळवले, खालचे खाली. त्यावर नुसती फुली मारली तर विषय तिथंच मिटला. त्यापेक्षा विचारा, ‘दोन पंचमांश अर्ध्याहून जास्त की कमी?’ कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दुमडून मुलं ताडून बघतात, कमी निघतं. अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, मग ती घटली कशी? इथून जी हुज्जत सुरू होते, तीत छेद सारखे का करायचे हे मुलंच एकमेकांना पटवून देऊ लागतात.

‘अशानं पोर्शन कधी संपायचा?’ हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे. निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, यातून उरेल त्या वेळात शिकवायचं. वर आम्हा संपादकांचा उपदेश ऐकायचा! पण साधनं आणि सवड मिळाल्यावरच कामाला लागायचं ठरवलं असतं, तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 साली बोर्डी गावी गेल्याच नसत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, पानं, बिया, शिंपले यांची साधनं केली. पुढे कोसबाडला, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात भरली.

दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल. एखाद्या तासाला पाट्यांचा प्रयोग केलात तर कळवा. फसला तर आधी कळवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत.

दीपावलीच्या शुभेच्छा.

– संपादक