पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका

सीमाभागात पत्रकांचा तुटवडा कधीच नव्हता. १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाचं पत्रक, १ नोव्हेंबरच्या सायकल फेरीचं, मेळाव्याचं, मोर्चाचं, बंदचं. यातली बरीच मी लिहिली आहेत, गल्लीतल्या छापखान्यात उभं राहून त्यांची प्रुफं तपासली आहेत आणि पहाटे बेळगावच्या शहापूर-वडगावात दारोदार वाटलीही आहेत. म्हणून खालच्या मुद्द्यांत दुसऱ्यांवर टीका कमी आणि स्वतःची झाडाझडती जास्त आहे. सीमाप्रश्नाचा, म्हणजे हा मराठी भाग कर्नाटकात राहावा की महाराष्ट्रात जावा याचा, निकाल काय लागावा, हा इथला विषय नाही. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेपर्यंत, आणि लागल्यावरही, ज्या कचेऱ्यांशी आपला रोजचा संबंध आहे त्या आपल्याला उत्तर देतात की नाही, एवढंच विचारायचं आहे.

१. पत्रकाची मागची बाजू

वडगावात एका मागवाल्याच्या घरी म्हातारी ओसरीवर कांड्या भरत बसली होती. मी पत्रक पुढे केलं. तिने ते हातात घेऊन उलटून पाहिलं आणि म्हणाली, "मागं कोरं हाय. हिशोबाला बरं पडंल." मग जरा थांबून, "ह्यात आमच्या नळाचं कुठं हाय?"

नव्हतंच. पत्रकात हुतात्मे होते, अन्याय होता, प्रचंड संख्येने उपस्थित राहण्याचं आवाहन होतं. तिचा नळ मात्र नव्हता. मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि पुढच्या दाराला गेलो.

पुढच्या खेपेला आम्ही पत्रकाच्या मागच्या बाजूला अर्जाचा नमुना छापला. प्रति, विषय, तक्रार, घरफाळ्याचा नंबर, सही. खर्च जवळपास तेवढाच आला, कारण कागद तर आधीच विकत घेतलेला असतो. फरक असा पडला की लोक पत्रक वाचून खाली ठेवेनात, पेन मागू लागले. दार वाजवून कागद टाकणं आणि दारात बसून कागद भरून घेणं यात वेळ चौपट जातो. एका सकाळी शंभर घरं होत होती, ती पंचवीसवर आली. कार्यकर्ते कुरकुरले. माझं मत विचाराल तर पंचवीसच बरी.

२. ४५६ उमेदवारांनी काय मिळवलं

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधण्यासाठी मराठी माणसांनी शेकड्यांनी अर्ज भरले. मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका झाली. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० आणि तमिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभेला १०३३ उमेदवार होते. तिथेही निषेधाचंच राजकारण होतं.

लक्ष वेधलं गेलं, यात शंका नाही. पण उत्तर काय आलं? लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० झाली आणि अपक्षाला दहा सूचकांची अट लागली. आपण दिल्लीला प्रश्न विचारला एक आणि दिल्लीने उत्तर दिलं भलत्याचंच. गरिबाने निवडणूक लढवणं तेवढं महाग झालं.

त्या मोहिमेची हेटाळणी मी करत नाही. तिच्यात हिंमत होती आणि कल्पकताही. पण ज्याला ऐकवायचं तो दूर आणि ज्यांच्या जिवावर ऐकवायचं ते नुसते आकडा, अशी ती रचना होती. पंचवीस वर्षांनी तिचं दुसरं टोक दिसलं. एप्रिल २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाख सतरा हजारांच्या आसपास मतं पडली. त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या आणि समितीचा धुव्वा उडाला. बंडखोरी होती, पक्षचिन्हं होती, सगळं खरं. तरी मला त्यात वडगावची म्हातारी दिसते. मोठ्या प्रश्नाला तिने आपल्या माणसाला मत दिलं आणि नळाच्या प्रश्नाला जो दारात आला त्याला.

३. निपाणीने आधीच शिकवलेलं

याच भागात याचं उलट उदाहरण आहे आणि ते आपण पुरेसं वापरत नाही. १४ मार्च १९८१ ला निपाणीजवळ तंबाखू उत्पादक पुणे-बेंगळूर महामार्गावर बसले. शरद जोशींची शेतकरी संघटना त्यामागे होती. तीन आठवड्यांहून जास्त ते तिथेच राहिले, तिथेच रांधलं, तिथेच झोपले. त्या वस्तीला आंदोलननगर हे नाव पडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी गेले.

एवढी माणसं इतके दिवस रस्त्यावर का टिकली? भाषणांनी नव्हे. व्यापारी तंबाखूचा दर कसा ठरवतो, पैसे किती महिन्यांनी देतो, खत-मजुरी धरून आपला खर्च किती निघतो, हा हिशोब प्रत्येकाला तोंडपाठ झाला होता. संघटनेने तो खेड्याखेड्यांत मांडून दाखवला होता. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न टपाल संस्थेतली स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आलेला जोशींसारखा माणूस चिकोडी तालुक्यातल्या शेतकऱ्याला कळेल अशा आकड्यांत बोलत होता. आंदोलन करणारे बहुतेक मराठी बोलणारे आणि मागणी कर्नाटक सरकारकडे. म्हणून कुणी मागणी पुढे ढकलली नाही की तिला सीमाप्रश्नाची शेपटी जोडली नाही.

त्याच निपाणीत वखारींतल्या बायका होत्या. तंबाखूच्या धुळीत दिवसभर राबणाऱ्या या बायकांनी संघटना बांधली आणि १९८२ मध्ये युगांतर या गटाने त्यांच्यावर माहितीपट केला तो त्यांच्यासोबत बसून, त्यांच्याच बोलण्यातून. प्रचार म्हणतात तो असा. आपण लिहून नेलेलं लोकांना ऐकवणं नव्हे, लोकांचं बोलणं नीट मांडून त्यांनाच परत दाखवणं.

४. महापौर नव्हता, ते कुणाच्या लक्षात आलं?

बेळगाव महापालिकेची मुदत २०१९ मध्ये संपली. निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. आणि निवडून आलेल्या नगरसेवकांनी महापौर निवडला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधलं दीड वर्ष शहराने मत दिलेलं होतं, नगरसेवक होते आणि सभागृह मात्र बसलेलं नव्हतं. कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, तिथल्या निवडणुकाही अशाच वर्षानुवर्षे लांबल्या.

त्या काळातली आमची पत्रकं मी काढून पाहिली. यावर एक ओळ नाही. मीच लिहिलेली आहेत, तेव्हा दोष कुणाला देऊ?

आणि पलीकडे महाराष्ट्रात फार उजेड आहे असंही नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं तिथे प्रशासक बसला. म्हणजे मतदाराला बाजूला ठेवून शहर चालवायची सवय दोन्ही राज्यांना सारखीच आहे. एवढ्या एका बाबतीत सीमा केव्हाच पुसली गेली आहे.

राज्यघटनेचं कलम २४३-एस सांगतं की तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या हव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव पावणेपाच लाखांच्या वर होतं. तुमच्या प्रभागाची समिती कुठे बसते, कधी बसते, तिचं इतिवृत्त कोण ठेवतं, हे शेजाऱ्याला विचारून पाहा. खेड्यात ग्रामसभेचं तेच. ती सहा महिन्यांतून एकदा तरी भरलीच पाहिजे, पण दवंडी नाही, फलकावर चिकटवलेली नोटीस कन्नडमध्ये, आणि सभा संपल्यावर रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं. लोकशाहीची सुधारणा म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी ते रजिस्टर घरोघर फिरायचं थांबवा.

५. मराठीचा हक्क आणि कन्नड शेजारी

कलम ३५० प्रमाणे राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार अर्ज देता येतो. म्हणजे "मराठीत अर्ज चालत नाही" हे काउंटरवरचं वाक्य चुकीचं आहे. मात्र उत्तर त्याच भाषेत मिळेल असं ते कलम म्हणत नाही, हेही आपण लोकांना सांगायला हवं. नाहीतर अर्धवट माहितीवर माणूस भांडतो आणि तोंडघशी पडतो. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे नोटिसा, नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे तत्त्व १९५६ पासूनचं आहे. मराठी परिपत्रकांची मागणी त्यावरच उभी आहे आणि ती सोडायचं कारण नाही.

पण नळाचा, गटारीचा, ग्रामसभेचा कागद दोन्ही भाषांत छापा. यावर आमच्याच बैठकीत मला ऐकून घ्यावं लागलं आहे, "मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?" गटारीपुरता काहीच नाही. हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाणार म्हणून शेतकरी उभे राहिले आणि न्यायालयात गेले, तेव्हा जमिनीची मोजणी भाषा विचारून झाली नव्हती. गल्लीत दहा घरं कन्नड असतील आणि त्यांची सही नसेल, तर तुमच्या अर्जावर अधिकारी पहिला शेरा मनात मारतो तो "समितीवाल्यांचा" असा. ती दहा घरं आली की त्याला तसं म्हणता येत नाही.

६. मोबाइलबद्दल थोडंसं

डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीला सीमावादावरून महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री बैठकीसाठी दिल्लीला गेले. त्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावाने बनावट ट्विटर खाती चालवून वातावरण तापवलं गेलं. यावरून एकच नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ज्या मजकुराखाली सही, तारीख आणि गाव नाही तो पुढे ढकलायचा नाही, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

७. पोच

मराठीत पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही आणि पोच म्हणजे समजही. अर्ज दिला आणि पोच घेतली नाही, तर तो अर्ज झालाच नाही. कर्नाटकात २०११ चा सकाला कायदा आहे. त्याच्या यादीतल्या सेवेसाठी अर्ज केला की पंधरा आकडी नंबर मिळतो. ठरल्या मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे. पण ती मागितली गेली की उशिराची कागदावर नोंद होते आणि कचेरीला ती नोंद सलते. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज आणि ३० दिवसांची मुदत आहेच.

येत्या ग्रामसभेच्या किंवा प्रभागाच्या बैठकीच्या आधी एवढं करा. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. कारकून "ठेवून जा, बघतो" म्हणेल. ठेवून जाऊ नका.